छापखान्यातले चार कॉम्प्युटर आणि विंडोज ११

हे प्रकरण कराडच्या एका लहान छापखान्याचं. मागच्या खोलीत ऑफसेटचं यंत्र, कटिंग आणि बाइंडिंग. पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक आणि निवडणूक लागली की हँडबिलं, असं वर्षभराचं काम. या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे असते. विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार, हे मालकांच्या कानावर आलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अकरा टाकायला किती घेशील, आणि काम किती वेळ बंद राहील?"

पैशापेक्षा वेळेचाच प्रश्न अवघड होता. लग्नसराई ज्येष्ठात ओसरते आणि लगेच गणपतीच्या पावत्या सुरू होतात. २०२५ला गणपती २७ ऑगस्टला बसले. पतसंस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे सगळे अहवाल ऑगस्ट-सप्टेंबरात एकदम येऊन पडतात. त्यांच्या पाठोपाठ दिवाळी अंक. थोडी उसंत मिळते ती जुलैत. म्हणून तपासणी जुलैत करायची, जमेल ते गणपतीआधी उरकायचं आणि उरलेलं दिवाळीनंतर, एवढं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

बहुतेक लोक इथे एक सोपी गोष्ट करतात. पीसीवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक उतरवून घेतात, बटण दाबतात आणि हिरवी खूण आली की अपग्रेड सुरू करतात. साधन वाईट नाही. जून २०२१मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा "हा पीसी चालणार नाही" एवढंच सांगायचं, का ते सांगायचं नाही; त्यावर इतकी ओरड झाली की ते काही दिवसांत मागे घेतलं गेलं आणि कारणं सांगणारी आवृत्ती त्या वर्षी सप्टेंबरात आली. आता ते नेमकं बोट ठेवतं. पण ते बोट ठेवतं फक्त कॅबिनेटच्या आतल्या गोष्टींवर. छापखान्याचं काम कॅबिनेटच्या बाहेर लटकलेल्या वायरींवर चालतं: डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती जोडायची किल्ली), स्कॅनर, छपाईच्या प्लेटसाठी बटर पेपरवर पान काढणारा लेझर प्रिंटर, जीएसटीसाठीचं डिजिटल सहीचं टोकन. त्यांच्याबद्दल हे साधन चकार शब्द काढत नाही. त्यामुळे हेल्थ चेक चालवण्याआधी कागदावर यादी केली. कुठल्या कॉम्प्युटरवर कोण बसतं, काय काम करतं, मागे काय काय जोडलंय, आणि ते बंद पडलं तर कुठलं गिऱ्हाईक खोळंबेल.

यादी अशी झाली. काउंटरवर बिलिंगचा पीसी: पेंटियम गोल्ड जी५४००, ४ जीबी रॅम, टॅली आणि सहीचं टोकन. मुख्य डिझाइनचा पीसी: कोअर आय५-७५००, १६ जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल, पानं मांडायचं पेजमेकर आणि लेझर प्रिंटर. दुसरा डिझाइनचा: रायझन ३ २२००जी, ८ जीबी रॅम, त्यावर कोरल ड्रॉ आणि युनिकोडमधली नवी कामं. आणि कोपऱ्यातला जुना: कोअर आय३-३२२०, ३२-बिट विंडोज १०, मागे २५ टाचण्यांचं पॅरलल पोर्ट, त्यात खोचलेलं जुनं डोंगल आणि शेजारी एक फ्लॅटबेड स्कॅनर.

निकाल उलटा लागला

यातला सगळ्यात वेगवान पीसी आय५चा, यात कुणाला शंका नव्हती. चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झ, दिवाळी अंकाचे दोनशे पानांचे काम त्यावर सरसर चालतं. काउंटरवरचा पेंटियम दोन कोअरचा, टॅली उघडतानाही दम खाणारा. हेल्थ चेकनं आय५ला नापास केलं. पेंटियमचा प्रोसेसर मात्र पास.

विंडोज ११ची कागदावरची अट किरकोळ आहे: ६४-बिट प्रोसेसर, १ गिगाहर्ट्झ, दोन कोअर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (पीसी सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग), डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. यात आय५-७५०० कुठेच कमी पडत नाही. पण याशिवाय प्रोसेसरांची एक यादी आहे आणि खरा दरवाजा तोच. इंटेलच्या बाबतीत ही यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. आय५-७५०० मधला पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. जी५४०० नावात पिढी सांगत नाही, पण तो २०१८चा, आठव्या पिढीबरोबरचा आहे. म्हणून यादीत आहे.

ही रेघ इथेच का, यावर मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा आणि स्थिरता अशी दोन्ही कारणं दिली आहेत. यादीबाहेरच्या कॉम्प्युटरांवर कर्नल म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त दिसले, असं त्यांनी ऑगस्ट २०२१मध्ये सांगितलं होतं. माझं मत विचाराल तर रेघ पूर्णपणे तांत्रिक नाही. सातव्या पिढीतल्या एक्स-सिरीज, झिऑन डब्ल्यू आणि एका लॅपटॉपच्या आय७ला सूट मिळाली, बाकीच्यांना नाही. पण छापखान्याला वाद जिंकायचा नव्हता, कॉम्प्युटर चालवायचे होते.

रायझनवाल्या पीसीनं जास्त चकवलं. २२००जी या आकड्यात पहिला २ आहे आणि एएमडीची यादी साधारण २००० मालिकेपासून सुरू होते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मालकांच्या पुतण्यानं तेच वाचून "हा चालतोय बघा" असं सांगूनही टाकलं होतं. पण ग्राफिक्ससह येणाऱ्या जी मालिकेत एएमडीचे आकडे एक पाऊल पुढे पळतात. २६००च्या आत झेन प्लस ही सुधारलेली रचना आहे, २२००जी मात्र पहिल्या झेन रचनेवरच आहे. यादीत २६०० आहे, २२००जी नाही. ३२००जी आहे. म्हणून प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधायचं. "दोन हजारच्या पुढचा आहे" या अंदाजावर खर्च करायचा नाही.

जुन्या आय३-३२२०बद्दल बोलायची गरजच नव्हती. तिसरी पिढी, २०१२चा. त्यातही ३२-बिट विंडोज. विंडोज ११ ३२-बिटमध्ये निघतच नाही, आणि ३२-बिटवरून ६४-बिटवर थेट अपग्रेडही होत नाही. डिस्क पुसून नव्यानंच टाकावं लागतं.

पास झालेल्या पीसीतल्या अडचणी

पेंटियमचा प्रोसेसर पास होता, पण हेल्थ चेकच्या पानावर दोन लाल खुणा होत्या: टीपीएम सापडलं नाही, आणि पीसी सिक्युअर बूट चालवणारा हवा.

पहिली खूण फसवी असते. रन खिडकीत टीपीएम डॉट एमएससी लिहिलं की "सुसंगत टीपीएम सापडत नाही" असा संदेश येतो आणि लोक बाजारात टीपीएमची चिप शोधायला निघतात. या वयाच्या इंटेल बोर्डांत टीपीएमचं काम प्रोसेसर-चिपसेटच्या फर्मवेअरमधूनच होतं. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याला इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी किंवा नुसतं पीटीटी म्हणतात. एएमडीवर एफटीपीएम. डेस्कटॉपच्या जुन्या बोर्डांवर ते बहुतेक वेळा बंद ठेवलेलं येतं. चालू केलं, परत तीच खिडकी उघडली, खाली आवृत्ती २.० दिसली. पैसा लागला नाही. एक गोष्ट मात्र आधी पाहिली: डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर चालू नाही ना. चालू असेल तर बायोसमधल्या अशा बदलांनंतर तो रिकव्हरी की मागतो, आणि ती की कुठे आहे हे छापखान्यात कुणालाही ठाऊक नसतं.

दुसऱ्या खुणेनं वेळ खाल्ला. विंडोज १० जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं होतं, डिस्कची विभागणीही जुनी, एमबीआर पद्धतीची. विंडोज ११ला यूईएफआय हवं, आणि यूईएफआयला नव्या, जीपीटी विभागणीची डिस्क. डाटा न पुसता हा बदल करणारं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोज १० मध्येच असतं. पण त्याची अट आहे: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्राथमिक भाग चालतात, आणि विस्तारित किंवा लॉजिकल भाग एकही चालत नाही. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीवर ही अट हमखास मोडलेली असते. दुकानदार डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे करूनच पीसी हातात देतो. गिऱ्हाईकालाही त्याशिवाय पीसी पूर्ण वाटत नाही. इथेही तसंच. सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि डी हे तीन प्राथमिक, आणि ई-एफ विस्तारित भागात. तपासणीची आज्ञा दिली की साधन थेट नकार द्यायचं.

उपाय हिशेबाचा होता. ई आणि एफवरचा डाटा बाहेरच्या हार्डडिस्कवर नेला. एफवर आठ वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका आणि कुणाच्या तरी मुलाचे कार्टून होते. जुन्या पत्रिका ठेवल्या, कारण धाकट्या भावाच्या लग्नात तीच पत्रिका मागायला लोक येतात. मग संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली. ई, एफ आणि त्यांना धरून असलेला विस्तारित भाग उडवला. उरले तीन प्राथमिक. आता तपासणी पास झाली, बदल झाला, बायोसमध्ये सीएसएम (जुनी लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद करून यूईएफआय निवडलं आणि विंडोज १० तशीच्या तशी उघडली. सीएसएम बंद करण्याआधी ग्राफिक्स कार्डाचं वय पाहावं. २०१२च्या आसपासच्या काही कार्डांना यूईएफआय समजत नाही आणि पडदा काळा राहतो. इथे कार्ड वेगळं नव्हतं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स होतं, म्हणून ती भीती नव्हती.

४ जीबी रॅम नियमात बसते. नियमात बसणं आणि टॅलीबरोबर ब्राउझर उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८ जीबी केली.

रिकामी एसएसडी

इथपर्यंत कॅबिनेटच्या आतलं झालं. आता वायरींचं. त्यांच्यासाठी अंदाजाचा एक नियम उपयोगी पडतो: ६४-बिट विंडोज १०वर आज जे उपकरण चालतंय ते विंडोज ११वर बहुधा चालतं, कारण ड्रायव्हरची (उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) बांधणी तीच आहे. अडचण येते ती ३२-बिटवरून ६४-बिटवर जाताना. पण "बहुधा"च्या भरवशावर दिवाळी अंक टाकता येत नाही.

म्हणून एक रिकामी एसएसडी घेतली. पेंटियमची मूळ डिस्क काढून ठेवली, तिच्या जागी ही लावली, त्यावर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकली. मग छापखान्यातली एकेक वस्तू आणून त्या पीसीला जोडत गेलो, आय५चं डोंगल आणि लेझर प्रिंटरसुद्धा. पडलं तर रिकामी एसएसडी पडेल, छापखाना नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त किमतीचं काम हेच होतं.

लेझर प्रिंटर सुरळीत चालला. त्याचा ६४-बिट विंडोज १०चा ड्रायव्हरच घेतला गेला. बटर पेपरवर एक जुनं पान काढून आधीच्या पानावर ठेवून उजेडात धरलं, ओळी जुळल्या. हे पाहावंच लागतं. ड्रायव्हर बदलला की समास एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनं सरकतो, आणि चार रंगांचं काम बिघडायला तेवढं पुरतं.

सहीच्या टोकनसाठी पुरवठादाराचं नवं साधन टाकलं, जीएसटीच्या पोर्टलसाठीचा एमसायनर टाकला आणि सही झाली. इथे मालकांच्या मुलाला एकच ताकीद दिली होती: टोकनच्या साधनात इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट असं बटण दिसेल, त्याला हात लावू नकोस. सहीची खासगी किल्ली टोकनबाहेर कॉपी होत नाही, तिचा बॅकअप नसतो. पुसली की नवं प्रमाणपत्र काढा.

यूएसबी डोंगलनं पहिल्यांदा नकार दिला. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या सीडीवरचा ड्रायव्हर जुना होता. विंडोज ११मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय आहे. ती कर्नलमध्ये शिरणारे जुने, नियम न पाळणारे ड्रायव्हर अडवते. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती पुष्कळदा आपोआप चालू असते; नसेल तर तपासणीपुरती मुद्दाम चालू करावी, म्हणजे कोण अडणार ते आत्ताच कळतं. तिनं नाव घेऊन डोंगलचा ड्रायव्हर दाखवला. बरेच जण अशा वेळी ती सोयच बंद करून मोकळे होतात. डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर शोधून टाकला, डोंगलचा दिवा लागला, सॉफ्टवेअर उघडलं. सोय बंद करायची गरज पडली नाही.

पेजमेकर ७ हे २००१चं सॉफ्टवेअर. त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरांची गंमत अशी की मूळ सॉफ्टवेअर ३२-बिट असलं तरी त्याचं सेटअप १६-बिटचं असू शकतं, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट काहीच चालवत नाही. आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर चालेल, पण सेटअप उघडणार नाही. म्हणून आय५च्या बाबतीत एक निर्णय इथेच झाला: तिथे विंडोज कोरी टाकायची नाही, आहे त्यावरच अपग्रेड करायचं.

ज्याचा कुणी विचारच केला नव्हता अशी एक अडचण मात्र या एसएसडीनंच दाखवली. चारही पीसी एकमेकांचे फोल्डर नेटवर्कवरून उघडतात, पासवर्डविना. २४एच२पासून विंडोज ११ प्रो अशा जोडणीत सही केलेली (पाठवणारा खरा असल्याची खूण असलेली) देवाणघेवाण मागते आणि बिनपासवर्डाच्या पाहुण्याला आत जाऊ देत नाही. जुन्या पीसीवरचं "कामं" नावाचं फोल्डर उघडेना. हार्डवेअर सगळं सुसंगत, आणि काम ठप्प! त्या पीसीवर एक वेगळा वापरकर्ता आणि पासवर्ड केला, फोल्डर त्याला दिलं, आणि ते उघडलं. असुरक्षित पाहुण्यांना परवानगी देणारी सेटिंगही असते. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर ज्या खोलीत येतात तिथे ती लावणं मला पटलं नाही.

कोपऱ्यातला पीसी

यावर मालकांशी सगळ्यात जास्त बोलणं झालं. त्यातल्या पॅरलल डोंगलवर जुन्या फॉन्टांमधली पंधराएक वर्षांची कामं उघडतात. नव्या बोर्डांवर हे पोर्ट नसतं. पुतण्यानं यूएसबी-टू-पॅरलल वायर मागवायची म्हणून सुचवलं. ती वायर प्रिंटरसाठी असते. डोंगलचं सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर, पारंपरिक ३७८ हेक्सवर, बोलायला जातं आणि तिथे त्याला कुणी भेटत नाही. बोर्डावर पॅरलल पोर्टचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड लावलं तरी त्याचा पत्ता बहुधा वेगळा येतो. आणि स्कॅनरला ६४-बिट ड्रायव्हर कंपनीनं कधी काढलाच नाही.

"मग टाकून देऊ का?" मालकांनी विचारलं.

"नको काका. त्याला फक्त इंटरनेटपासून तोडू."

नेटवर्कवर ठेवला, पण आयपीच्या सेटिंगमध्ये गेटवेची जागा रिकामी सोडली, म्हणजे शेजारच्या पीसींशी बोलेल, बाहेर जाणार नाही. ब्राउझरचा शॉर्टकट काढला. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्यात लावायचा नाही, आधी काउंटरवर तपासायचा, असा नियम केला. अपग्रेड होत नाही म्हणून यंत्र निकामी ठरत नाही. ते कुणाशी बोलतं यावर धोका ठरतो.

पैसे कुठे घालायचे

रायझनचा मार्ग सुखाचा निघाला. बोर्ड बी४५०, सॉकेट एएम४, आणि बोर्ड कंपनीच्या प्रोसेसर यादीत रायझन ५ ५६००जी होता. दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचे, दोन्हींत ग्राफिक्स आतच. रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळं तेच. फक्त क्रम चुकवायचा नाही: जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस नवं करायचं, मग प्रोसेसर बदलायचा. उलट केलं तर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही आणि बायोस नवं करायला जुना परत लावावा लागतो. बदलानंतर पडद्यावर नवा प्रोसेसर आल्याचा आणि एफटीपीएम रीसेट करायचा का असा प्रश्न येतो. बिटलॉकर नसल्याची खात्री होती म्हणून होकार दिला. जी अक्षर नसलेला स्वस्त प्रोसेसर दुकानदार पुढे करतो, तो घेतला असता तर ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागलं असतं.

आय५ला हा मार्ग नव्हता. सातव्या आणि आठव्या पिढीच्या इंटेलचं सॉकेट दिसायला एकच, एलजीए ११५१, पण सातव्या पिढीच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर चालत नाही. तिथे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणं आलं. डीडीआर४ चालवणारा एच६१० बोर्ड आणि आय३-१२१०० असं ठरलं, म्हणजे १६ जीबी रॅम वाया जाणार नव्हती. बोर्ड बदलला की विंडोजचा बोर्डाशी बांधलेला, पीसीबरोबर आलेला ओईएम परवानाही जातो. या पीसीवरचा परवाना किरकोळ विक्रीचा होता, तो नेता आला. हे आधी पाहिलं नसतं तर खर्चात एक ओळ वाढली असती.

पुतण्याकडे तिसरा पर्याय होताच: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, एक नोंद घालून यादीबाहेरच्या प्रोसेसरवरही विंडोज ११ टाकायची. होतं तसं. पण अशा पीसीला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, आणि अपडेट थांबणार म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. घरच्या पीसीवर हौस म्हणून करा, दिवाळी अंकाच्या पीसीवर नको.

विंडोज १०वरच आणखी वर्ष काढायचा विचारही झाला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट होती: सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सिंक करून मोफत, किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलर भरून. व्यवसायांसाठीचा दर वेगळा, पहिल्या वर्षी पीसीमागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. ते पैसे बोर्डात घातलेले बरे, हे मालकांनी माझ्याआधी ओळखलं.

झालं ते

बिलिंगचा आणि रायझनचा पीसी गणपतीआधी झाले. टॅलीचा परवाना डिस्क पुसली जाणार असेल तर आधी सरेंडर, म्हणजे परत जमा, करून ठेवायचा असतो. इथे आहे त्यावरच अपग्रेड होतं, तरी बिलिंगवर तो सरेंडर करून नंतर परत चालू केला. अपग्रेडनंतर दहा दिवस जुन्या विंडोजवर परतायची सोय असते. ते दहा दिवस डिस्क क्लीनअप चालवू नका असं चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं, कारण जागा मोकळी करायच्या उत्साहात जुनी विंडोज तिथेच उडते.

आय५ला मालकांनी हात लावू दिला नाही. दिवाळी अंक त्यावर अर्धा झाला होता. बरोबरच होतं त्यांचं. १४ ऑक्टोबरनंतर त्याचीही गेटवे रिकामी केली, प्लेट काढणाऱ्याकडे जाणाऱ्या पीडीएफ काउंटरवरून पाठवल्या. दिवाळीनंतरच्या मोकळ्या आठवड्यात जुन्याच बोर्डावर डिस्क जीपीटी केली, मग बोर्ड बदलला. नव्या बोर्डांवर लेगसी पद्धत बहुधा नसतेच, म्हणून हा क्रम. विंडोज १० नव्या बोर्डावर उघडली, तिच्यावर अकरा चढवलं. डोंगलचा नवा ड्रायव्हर आधीच हाताशी होता. पेजमेकर उघडलं, अंकाचं एक पान बटर पेपरवर काढून जुन्यावर ठेवलं.

स्कॅनरचा निर्णय अजून व्हायचा आहे. व्ह्यूस्कॅन नावाचं विकतचं सॉफ्टवेअर स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतं आणि असे कित्येक जुने स्कॅनर ६४-बिटवर चालवतं; चाचणी आवृत्तीत हा ओळखला गेला. मालकांना मात्र आता एवढं केलंच आहे तर स्कॅनरही नवाच घ्यावा असं वाटतंय.